शब्दचर्चा : मुलाचे ‘व्यक्तिमत्त्व’, ‘वेगळेपण’ की आणखी काही?

प्रश्न

आमच्या संडे स्कूलच्या पालकांसाठी छोटी पुस्तिका लिहिते आहे. तिचा गाभा असा : देवाने प्रत्येक मूल वेगळे निर्माण केले आहे, तेव्हा शिकवतानाही त्याचे ते वेगळे असणे जपले पाहिजे. इंग्रजीत ‘इंडिव्हिज्युअ‍ॅलिटी’ म्हटले की काम भागते, मराठीत मात्र अडते. ‘व्यक्तिमत्त्व’ लिहिले की पालकांना सभाधीटपणाचे शिबिर आठवते. ‘वेगळेपण’ म्हटले की ‘म्हणजे इतरांपेक्षा हुशार का?’ असे विचारतात. आणि क्रियापद कोणते घ्यावे? घडवणे, फुलवणे, जोपासणे? ख्रिस्ती श्रद्धेला धरून शब्द हवा आहे.

उत्तर

ताई, ‘व्यक्तिमत्त्व’ बाजूला ठेवा. (लिहिलेच तर दोन त हवेत : व्यक्तिमत् + त्व.) हा शब्द आता बोलणे, वागणे, चारचौघांत उठून दिसणे यांना चिकटला आहे. जे मूल कोपऱ्यात बसून गुपचूप ऐकते, त्याला व्यक्तिमत्त्वच नाही असा अर्थ त्यातून नकळत निघतो, आणि तुम्हाला तर नेमके त्याच मुलाबद्दल बोलायचे आहे.

‘व्यक्ती’ हा मूळ शब्द मात्र सोडू नका. ‘वि’ आणि ‘अञ्ज्’पासून तो आला, अर्थ प्रकट होणे, उघड होणे. इंग्रजी शब्दामागच्या लॅटिन शब्दाचा अर्थ आहे अविभाज्य, ज्याचे तुकडे पडत नाहीत ते. ख्रिस्ती शिक्षकाला दोन्ही अर्थ हवेत. मूल गणितात इतके, भाषेत इतके अशा तुकड्यांत मोजायचे नसते आणि ते एका वर्षात पुरते उघडही होत नाही. शिवाय त्रैक्याविषयी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्याविषयी, बोलताना आपण ‘एक देव, तीन व्यक्ती’ म्हणतो. तिथे कोणतीही व्यक्ती एकटी, सुटी नाही. पिता आहे तो पुत्राचा पिता आहे. म्हणून ख्रिस्ती विचारात व्यक्ती असणे आणि नात्यात असणे एकमेकांपासून तोडता येत नाही. ‘व्यक्तिवाद’ हा शब्द पुस्तिकेत चुकूनही येऊ देऊ नका, तो वेगळ्याच वाटेने नेतो.

आता शास्त्रपाठ. नीतिसूत्रे २२:६ (अध्याय २२, वचन ६) आपल्या मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, असे आहे : ‘मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला दे.’ इंग्रजीत प्रचलित असलेल्या भाषांतरात ‘त्याने ज्या मार्गाने जावे त्या मार्गाचे शिक्षण’ अशा अर्थाचे वाक्य आहे. मूळ हिब्रूत ‘जावे’ असे काही नाही. तिथे शब्दशः आहे : ‘त्याच्या मार्गाच्या तोंडाप्रमाणे’, म्हणजे त्याच्या वाटेनुसार. ‘त्याच्या’ हा प्रत्यय स्पष्ट आहे. आपले मराठी भाषांतर इथे मुळाच्या फार जवळ राहिले, याचा मला मनापासून आनंद होतो. ‘अनुरूप’ हा तुमच्या पुस्तिकेचा पहिला शब्द असावा.

त्याच वचनातले ‘शिक्षण दे’ हे क्रियापदही पाहा. हिब्रूत ते ‘हानख’ आहे. अनुवाद २०:५ मध्ये नव्या घराच्या प्रतिष्ठापनेसाठी आणि १ राजे ८:६३ मध्ये शलमोनाच्या मंदिराच्या समर्पणासाठी हेच क्रियापद येते. ‘हनुक्का’ या यहुदी सणाचे नावही याच धातूचे. म्हणजे शिकवणे हे इथे एखादी वास्तू तिच्या खऱ्या मालकाच्या नावे अर्पण करण्यासारखे आहे. वास्तू आधीच उभी आहे, ती आपण बांधलेली नाही. म्हणून ‘घडवणे’ मला खटकते. घडवणारा निर्माता आहे. स्तोत्र १३९ मध्ये आईच्या उदरातली घडण त्याचीच सांगितली आहे.

मग क्रियापद कोणते? इफिसकरांस ६:४ मध्ये प्रेषित पौल बापांना सांगतो की मुलांना चिरडीस आणू नका, तर प्रभूच्या शिस्तीत व शिक्षणात वाढवा. ‘वाढवा’साठी ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, तेच थोडे आधी ५:२९ मध्ये माणूस आपल्या देहाचे पोषण करतो तिथे आले आहे. तेव्हा ‘पोसणे’, ‘जोपासणे’ हे थेट शास्त्राला धरून आहे. ‘चिरडीस आणणे’ हा प्रयोगही पालकांना अवश्य समजावून सांगा. भावाशी तुलना, बहिणीचे गुण तोंडावर फेकणे, एकाच मापाने सगळ्यांना मोजणे, हे सगळे त्यात येते. कलस्सैकरांस ३:२१ मध्ये याचा परिणामही दिला आहे : मुले खिन्न होतात.

आणखी एक मत

वरचे उत्तर आवडले, पण एक धोका दाखवणे माझे कर्तव्य समजतो. ‘त्याच्या वाटेनुसार’ याचा काही अभ्यासक इशारा म्हणून अर्थ लावतात : मुलाला त्याच्याच वाटेने जाऊ दिले, तर म्हातारपणीही तो ती सोडणार नाही. त्याच अध्यायात २२:१५ मध्ये बालकाच्या हृदयात मूर्खता असते असेही म्हटले आहे. देवाची प्रतिमा मुलात आहे आणि पापही आहे. ‘वेगळेपण जपा’ एवढेच लिहिले, तर मुलाचा हट्ट, आळस, मत्सर हेही जपायचे का, असा प्रश्न पालक करतील आणि तो रास्त असेल.

उत्तर

सर, आपला मुद्दा मान्य. त्यासाठीच शब्द वेगळे ठेवावेत. ‘स्वभाव’ यात चांगले-वाईट दोन्ही येते. ‘स्वैरता’ म्हणजे इच्छेला लगाम नाही. पुस्तिकेत जे जपायचे आहे त्याला पौलाचा शब्द आहे : ‘कृपादान’, म्हणजे देवाने कृपेने दिलेली देणगी. १ करिंथकर १२ मध्ये कृपादानांचे निरनिराळे प्रकार आहेत, पण आत्मा एकच आहे. मत्सर हे कुणाचे कृपादान नसते, त्यामुळे गोंधळ होत नाही. ‘इतरांपेक्षा हुशार का?’ या प्रश्नाचे उत्तरही तिथेच आहे. सगळे शरीर डोळाच असते तर ऐकणे कुठे असते, असे पौल विचारतो. कान हा डोळ्यापेक्षा कमी प्रतीचा डोळा नव्हे.

‘टॅलंट’ शब्द मात्र टाळावा. मुळात ते वजन आणि त्या वजनाची रक्कम. मत्तय २५ मध्ये धनी आपल्या दासांना अशा रकमा सोपवून जातो, त्या दाखल्यावरून युरोपीय भाषांत त्याला ‘अंगचा गुण’ हा अर्थ आला. आज तो ऐकला की स्पर्धा आणि व्यासपीठच डोळ्यांपुढे येते, आणि धनी ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे देतो, ही दाखल्यातली गोष्ट हरवून जाते.

अनुभवावरून

मी लहान मुलांना शिकवते. शब्दांइतकेच महत्त्व मी शेऱ्याला देते. नोहाच्या तारवाचे चित्र रंगवायला दिले होते. एका मुलाने सगळे तारू काळ्या खडूने भरून टाकले, वर एक छोटा पिवळा चौकोन. मी विचारले, तर म्हणाला, “आत अंधार होता ना, खिडकी एकच होती.” बाकीच्यांनी गोष्ट बाहेरून पाहिली, हा आत जाऊन बसला होता. वहीत ‘रंगकाम सुधारावे’ लिहिणे सोपे होते. मी लिहिले, ‘गोष्टीच्या आत शिरून पाहतो.’ खाली वेगळ्या ओळीत : ‘खडू जपून वापरावा.’ कृपादानाचा शेरा वेगळा, शिस्तीचा वेगळा. दोन्ही एका वाक्यात ‘पण’ घालून जोडले की मुलाला फक्त ‘पण’च्या पुढचे ऐकू जाते.

प्रश्नकर्ती

सगळ्यांची आभारी आहे. पुस्तिकेचे पहिले वाक्य असे करते : ‘प्रत्येक मुलाला देवाने दिलेले वेगळे कृपादान ओळखून, त्याला अनुरूप असे शिक्षण देणे आणि त्याची जोपासना करणे.’ चालेल?

उत्तर

चालेल. दोन सुधारणा सुचवतो. ‘ओळखून’च्या आधी ‘धीराने’ घाला, कारण पालक पहिल्या वर्षीच निकाल मागतात. आणि ‘मुलाला’ हे ‘मूल’ आणि ‘मुलगा’ दोघांचेही रूप असल्यामुळे मुलींचे आईबाप ते आपल्यासाठी नाही असे वाचू शकतात. ‘प्रत्येक बालकाला’ करा. मार्क १०:१४ मध्ये येशू आपल्याजवळ येऊ द्या म्हणतो तीही बालकेच आहेत.