विरोधकावर टीका करणारं पत्रक: कुठवर चालतं, कुठे अंगलट येतं? (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

धुऱ्यावरून

विधानसभेचा मतदारसंघ, दोन तालुके, बहुतेक गावं कापूस-सोयाबीनची. तालुका समितीला चार पानी पत्रकाचा मजकूर पक्का करायचा आहे. विद्यमान आमदाराविरुद्ध कार्यकर्त्यांनी चार ओळी दिल्या आहेत: "सोयाबीनचा भाव पाडला", "फाटा ते गाव रस्त्याचे चार कोटी खाल्ले", "हा गुन्हेगार माणूस", आणि त्याच्या घरातल्या भांडणाबद्दल एक. यातलं काय ठेवायचं, काय काढायचं, शब्द कसे लावायचे? छपाईचे नियम काय? आणि समोरून मतदानाच्या आदल्या रात्री खोटं पत्रक आलं तर काय करता येतं? "टीकाच करू नका" हा सल्ला नको. पाच वर्षांत काम झालं नसेल तर ते सांगणं हेच विरोधकाचं काम आहे.

खारपाणपट्टा

घरातल्या भांडणाची ओळ आधी काढा, तिच्यावर चर्चासुद्धा नको. आदर्श आचारसंहिता स्पष्ट सांगते की टीका धोरण, कार्यक्रम, मागची कामगिरी आणि काम यांवर करा. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर नको, खातरजमा न झालेल्या आरोपांवर नको. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 चं कलम 123(4) त्याहून कडक आहे. उमेदवाराच्या व्यक्तिगत चारित्र्याबद्दल किंवा वर्तनाबद्दल, त्याच्या उमेदवारीबद्दल किंवा माघारीबद्दल खोटं विधान केलं, करणाऱ्याला ते खोटं असल्याचं माहीत होतं किंवा खरं असल्याचा विश्वास नव्हता, आणि त्यानं निवडणुकीत नुकसान होईल असं ते विधान होतं, तर तो भ्रष्ट आचार ठरतो. उमेदवारानं स्वतः केलं असो, त्याच्या एजंटानं, की त्याच्या संमतीनं दुसऱ्या कोणी. निवडून आलेली जागा यावरून रद्द होऊ शकते. "अमक्यानं माघार घेतली" ही आपल्याकडे पारावर हमखास फिरणारी अफवाही याच कलमात बसते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

इथे फरक मत आणि वस्तुस्थिती यांचा आहे. "निष्क्रिय आमदार" हे मत झालं, चालतं. "चार कोटी खाल्ले" ही वस्तुस्थिती म्हणून मांडलेली गोष्ट आहे आणि ती तुम्हाला सिद्ध करावी लागेल.

आता सोयाबीन. हमीभाव आमदार ठरवत नाही, राज्य सरकारही ठरवत नाही. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र तो जाहीर करतं. सोयाबीनचा 2024-25 मध्ये 4,892 रुपये होता, 2025-26 मध्ये 5,328. लांब धाग्याचा कापूस 7,521 वरून 8,110. म्हणजे "भाव पाडला" हमीभावाबद्दल असेल तर ते दोन्ही बाजूंनी चूक: तो वाढला आहे, आणि तो आमदाराच्या हातात नाही. बाजारभाव हमीभावाच्या खाली राहिला, ही खरी तक्रार आहे आणि ती नीट लिहा. बाजार समितीची त्या दिवसाची आवक आणि कमाल-किमान-सरासरी दर उतरवा. खरेदी केंद्र कोणत्या तारखेला उघडलं, नोंदणी किती जणांची झाली आणि माप किती जणांचं झालं, बारदाना किती दिवस नव्हता, 12 टक्क्यांच्या ओलाव्यावरून किती माल परत गेला, चुकारे किती दिवसांनी आले. नंतर प्रश्न विचारा की आमदारानं याबद्दल सभागृहात तोंड उघडलं का. विधानसभेच्या कामकाजाची नोंद असते, तारांकित प्रश्न कोणी विचारला ते त्यात दिसतं. नसेल विचारला तर तेवढंच लिहा. ही टीका आमदाराला खरी झोंबते, कारण ती त्याच्याच कामाबद्दल आहे.

रस्त्याच्या ओळीत सगळ्यात जास्त चुका होतात, सगळ्याच पक्षांच्या. सरकारी कामाच्या पायऱ्या अशा: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतली नोंद, मग देयक. आमदाराच्या बॅनरवर "चार कोटी मंजूर" लागतं ते बहुधा पहिल्याच पायरीला. पैसा निघतो शेवटच्या पायरीला. कार्यारंभ आदेशच निघाला नसेल तर त्या रस्त्यावर एक रुपयाही खर्च झालेला नसतो, मग खाल्ला कोणी? बॅनरही अर्धसत्य, तुमची ओळही अर्धसत्य. त्याऐवजी असं लिहा: "अमुक तारखेला भूमिपूजन झालं. आज इतके दिवस झाले. कार्यारंभ आदेश अजून नाही." वाचणारा सायकलनं फाट्यावर जाऊन बघू शकतो. काम झालं आणि उखडलं असेल तर देयकाची रक्कम, कंत्राटात लिहिलेली जाडी आणि प्रत्यक्ष जाडी द्या. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल तर पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडे असते, आणि फलकावर काम पूर्ण झाल्याची तारीख असते. तीन वर्षांत खड्डे पडले तर "दुरुस्ती का करून घेतली नाही" हा प्रश्न पुरतो.

कागद वेळेत मिळवा. माहिती अधिकाराला 10 रुपयांचा अर्ज लागतो आणि उत्तराला 30 दिवस. उमेदवारी अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवसापासून मतदानापर्यंत कायद्यानं किमान 14 दिवसांचं अंतर असतं, प्रत्यक्ष प्रचार साधारण तेवढाच. म्हणून आचारसंहिता लागल्यावर टाकलेल्या माहिती अर्जावर या निवडणुकीत विसंबू नका. ग्रामपंचायतीची कामं ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आणि रोजगार हमीचे हजेरीपट त्यांच्या संकेतस्थळावर अर्जाशिवाय दिसतात. मात्र ते पाहून आमदारावर बिल फाडू नका, तो पैसा ग्रामपंचायतीचा.

राहिली "गुन्हेगार". उमेदवारानं प्रपत्र 26 चं शपथपत्र दिलेलं असतं, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून ते उतरवता येतं. त्यात गुन्हे, मालमत्ता, देणी, शिक्षण सगळं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या निकालापासून ही माहिती मतदारांना द्यावी लागते. 2018 च्या निकालानंतर प्रलंबित गुन्हे असलेल्या उमेदवाराला प्रचारकाळात ती माहिती तीन वेळा वर्तमानपत्रात छापावी लागते. ते कात्रणच तुमचा पुरावा. गुन्हा दाखल होणं, दोषारोप निश्चित होणं आणि दोषी ठरणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शपथपत्रात जो शब्द असेल तोच पत्रकात यावा. कलमाचा आकडा लिहा, कंसात "खुनी" वगैरे जोडू नका. आंदोलनातले रास्ता रोकोचे गुन्हेही त्या यादीत असतात. आपल्या भागात कापसाच्या भावासाठी रस्त्यावर बसलेल्या निम्म्या पुढाऱ्यांवर ते आहेत, तुमच्याही उमेदवारावर असतील. आधी त्याचं शपथपत्र वाचा.

पऱ्हाटी

छापखान्याचं कोनी सांगतलं नाई म्हून लिहितो. पत्रकाच्या खाली मुद्रक अन प्रकाशक दोघाइचं नाव-पत्ता पाह्यजेच, त्याच 1951 च्या कायद्याचं कलम 127क. नसन तं सहा महिन्यापर्यंत कैद, नाही तं दोन हजारापर्यंत दंड, नाही तं दोन्ही. प्रकाशकानं घोषणापत्र द्याव लागते, त्याले वळखणाऱ्या दोघाइच्या सह्या त्याच्यावर. छापखानेवाला तीन दिवसात चार प्रती, घोषणापत्र, किती छापले अन किती पैसे घेतले हे जिल्हाधिकारी ऑफिसात देते. सभेची नुसती तारीख-वेळ-जागा सांगणारं पत्रक यातून सुटते.

लोकं म्हनते झेराक्स काढू, छापलं कुठी? कायद्यात हातानं उतरवलेली प्रत सोडून बाकी सगळं छपाईच धरते. झेराक्सवाल्या पोराले अडकवू नका.

अन खर्च उमेदवाराच्या हिशोबात जाते, विधानसभेले 40 लाखाची हद्द हाय. बिनानावाचं पत्रक काढलं की खर्चबी लपवला अन नावबी लपवलं.

गावरान गणित

सगळं कायद्याला धरून आहे, पण तारीख-आकड्यानं मत फिरतं का? लोकांना चटका लागतो तो "खाल्ले" या शब्दानंच. समोरचे काही मोजमाप पुस्तिका बघून पत्रक काढत नाहीत.

खारपाणपट्टा

चटका लागतो, पण कोणाला, ते बघा. आमदाराचे सोयरे त्याच गावात, बहुधा त्याच आळीत. घरावर बोललात की काठावरचे भाऊबंद एका दिवसात त्याच्या बाजूनं एकत्र येतात. रस्त्यावर बोललात तर त्यांनाही त्याच रस्त्यानं बैलबंडी न्यायची असते. शिवाय "खाल्ले" म्हटलं की चर्चा रस्ता सोडून पुराव्यावर जाते आणि प्रचाराचे उरलेले दिवस तुम्ही खुलासे देत बसता. जोर हवाच असेल तर आकडा मोठ्या टायपात घ्या. जातीचा उल्लेख मात्र कुठल्याही टायपात नको: 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी 4 विरुद्ध 3 असा निकाल दिला की उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या जात-धर्माच्या नावानं मत मागणंही भ्रष्ट आचारात येतं.

तुमच्या स्वतःच्या आश्वासनांनाही हीच कसोटी लावा. जाहीरनाम्यातल्या आश्वासनामागे तर्क असावा आणि पैसा कुठून आणणार ते ढोबळ मानानं सांगावं, असं आचारसंहितेतच आहे. "7/12 कोरा करू" लिहिणार असाल तर कोणतं कर्ज, कोणत्या तारखेपर्यंतचं, किती रकमेपर्यंत, तेही लिहा. पीककर्ज आणि मध्यम मुदतीचं कर्ज यातला फरक आपल्या शेतकऱ्याला बँकेच्या शाखाधिकाऱ्याइतकाच कळतो.

धुऱ्यावरून

मजकूर बदलतो. आदल्या रात्रीचं पत्रक आणि व्हॉट्सॲपवरची आवाजाची क्लिप, यावर कोणी सांगेल का?

निशाणी-डावा-अंगठा

क्लिपचं आधी. मूळ फाइल जशी आली तशी ठेवा. कापू नका, दुसऱ्या ॲपमधून फिरवू नका. ज्या फोनवर आली तो फोन, गटाचं नाव, पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश किंमतही (फाइलवरून निघणारी आकड्या-अक्षरांची ओळखखूण) लिहावी लागते. फाइल एकदा बदलली की ती जुळत नाही आणि पुरावा तिथेच लटकतो. बनावट क्लिप पक्षाच्या अधिकृत खात्यावर असेल तर त्या पक्षाला लेखी कळवा. मे 2024 मध्ये आयोगानं पक्षांना सांगितलं आहे की असा मजकूर लक्षात आणून दिल्यापासून तीन तासांत काढायचा. म्हणून कळवल्याची वेळ नोंदलेली हवी, फोनवर बोलून उपयोग नाही. तक्रारीची प्रत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्या आणि पोच घ्या.

सी-व्हिजिल या आयोगाच्या तक्रारीच्या ॲपवर लोक फॉरवर्ड झालेला व्हिडिओ टाकायला जातात आणि चिडतात. त्या ॲपमध्ये जागेवर काढलेला फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओच जातो, गॅलरीतला चालत नाही. निनावी पत्रकांचा गठ्ठा पारावर पडलेला दिसला तर मात्र तेच वापरा, 100 मिनिटांत कारवाईची पद्धत आहे.

पोलिसांकडून फार अपेक्षा नको. निवडणुकीत उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटं विधान हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 175 खाली गुन्हा आहे, पण शिक्षा फक्त दंड. बदनामी कलम 356 खाली, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तरी ती अदखलपात्र. दंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार करावी लागते. दोन्हींचा निकाल मतदानाच्या आत लागत नाही.

म्हणून आदल्या रात्रीची तयारी आठवडाभर आधी करा. तुमच्या उमेदवारावर काय काय खोटं येऊ शकतं ते तुम्हाला माहीतच असतं: जमिनीचा व्यवहार, सोसायटीची थकबाकी, जुना गुन्हा. अशा प्रत्येक आरोपाला एक कागद, वर संबंधित दाखल्याची प्रत, खाली तीन ओळी. प्रत्येक बूथप्रमुखाकडे पाच-सहा प्रती बंद पाकिटात. हाही छापील कागद आहे, 127क लागू. शेवटच्या 48 तासांत सभा-मिरवणूक बंद, बाहेरून आलेल्या नेत्यांना मतदारसंघ सोडावा लागतो, आणि मतदानाच्या दिवशी व आदल्या दिवशी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची तर जिल्ह्याच्या माध्यम समितीचं पूर्वप्रमाणन लागतं, ते रात्री दहाला मिळणार नाही. शांतपणे घरोघरी भेट मात्र चालते. तिथे बूथवरचा ओळखीचा माणूसच लागतो. खुलाशाच्या मथळ्यात त्यांचं खोटं वाक्य परत छापू नका, वाचणारा तेवढंच लक्षात ठेवतो. "सोसायटीचं कर्ज फेडल्याचा दाखला" एवढाच मथळा द्या.

निकालानंतर जायचं असेल तर निवडणूक याचिका 45 दिवसांत, आपल्या विदर्भासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात, 2,000 रुपये अनामत. भ्रष्ट आचाराचा आरोप असेल तर प्रपत्र 25 मधलं वेगळं शपथपत्र जोडावं लागतं, आणि पुरावा फौजदारी खटल्याइतका पक्का मागतात. हे विधानसभेचं झालं. जिल्हा परिषद, पंचायत समिती राज्य निवडणूक आयोगाकडे, कायदा वेगळा, मुदत बरीच कमी. निकालाच्याच आठवड्यात वकील गाठा.