मदत हवी आहे: ग्रामीण प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम पूर्णवेळ स्वीकारावे का?

नमस्कार. मी ऐरोलीत राहते आणि नवी मुंबईतल्या एका अनुदानित मराठी शाळेच्या प्राथमिक विभागात गेली अकरा वर्षे शिकवते. डी.एड.नंतर नोकरी सांभाळून बी.ए. आणि बी.एड. केले. वय सदतीस, घरी यजमान, सातवीतला मुलगा आणि सासूबाई आहेत. एवढे सगळे आधीच सांगण्याचे कारण असे, की "मनाला पटेल ते करा" या उत्तराचा मला उपयोग नाही. ज्यांनी हे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांच्याकडून मला नेमके ऐकायचे आहे.

आमच्या शाळेला पाच दिवसांचा आठवडा असल्यामुळे गेली तीन वर्षे मी महिन्यातले दोन शनिवार शहापूर तालुक्यात जाते. पहाटे ठाण्याला येऊन कसारा लोकल पकडायची, आसनगावला उतरायचे, पुढे शहापूरपर्यंत रिक्षा आणि तिथून डोळखांबच्या बाजूला मिळेल ते वाहन, असा प्रवास असतो. जिल्हा परिषद शाळांची शनिवारची सकाळची शाळा मला जेमतेम सापडते. सुरुवातीला मी फक्त मुलांना गोष्टींची पुस्तके वाचून दाखवत असे. पुढे तिथल्या शिक्षकांशी ओळख झाली आणि मागच्या वर्षी केंद्रप्रमुखांनी (आसपासच्या काही शाळांच्या गटावर देखरेख करणारे अधिकारी) केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत गणितावर एक सत्र घ्यायला सांगितले.

मी संख्यांच्या स्थानिक किमतीवर सत्र घेतले, कारण तो माझ्या हातखंड्याचा विषय आहे. मराठीत "एकवीस" म्हणताना एक आधी ऐकू येतो आणि वीस नंतर, त्यामुळे मूल ऐकल्याप्रमाणे १२ लिहिते. "एकोणतीस" तर तिसाच्या नावाने ओळखले जाते आणि लिहायचे मात्र विसाच्या घरात. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक" अशी वाचनपद्धती दिल्यावर किती गदारोळ झाला होता, ते अनेकांना आठवत असेल. मला स्वतःला ती पद्धत चुकीची वाटत नाही, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे. मी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, सुट्या काड्या आणि संख्याकार्डे घेऊन चाळीस मिनिटांचा पाठ करून दाखवला. शिक्षकांनी मनापासून भाग घेतला.

शेवटी मागच्या बाकावरचे एक वयस्कर गुरुजी उठले आणि अतिशय सौजन्याने म्हणाले, "बाई, पाठ उत्तम झाला. या चाळीस मिनिटांत तुमच्या बाकीच्या तीन इयत्ता काय करीत होत्या, तेवढे सांगा."

मला उत्तर देता आले नाही. माझ्या आयुष्यात मी एका वेळी एकाच इयत्तेला शिकवले आहे. त्यांची शाळा द्विशिक्षकी. दुसरे गुरुजी त्या महिन्यात कुठल्याशा सर्वेक्षणाच्या कामाला लागलेले, म्हणजे पहिली ते चौथी एकाच माणसाकडे. शिवाय दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात, त्यामुळे ज्यांना दशक-एकक शिकवायचे ती काही मुले वर्गात नसतातच. माझा काड्यांचा गठ्ठा या वास्तवापुढे फारच शहरी दिसला.

या प्रसंगानंतर मी हे काम सोडून द्यायला हवे होते असे कोणी म्हणेल. माझे उलटेच झाले. आता याच कामाविषयी मला एका स्वयंसेवी संस्थेकडून विचारणा झाली आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शाळांमध्ये प्रशिक्षक म्हणून दोन वर्षांचा करार, पायाभूत भाषा व गणित हा विषय आणि हातात येणारी रक्कम माझ्या सध्याच्या पगाराच्या साधारण दोन तृतीयांश. इकडे आमच्या शाळेची पटसंख्या दरवर्षी घटते आहे. गेल्या संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकांची पदे ठरवतात त्यात, एक पद कमी झाले आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत पुढची अतिरिक्त ठरणारी शिक्षिका बहुधा मीच असेन. अतिरिक्त ठरले तर दुसऱ्या शाळेत समायोजन होईलही, पण कुठे आणि कधी, ते माझ्या हातात नाही.

प्रशिक्षणाविषयी माझी एक जुनी तक्रारही आहे. प्रशिक्षणार्थी म्हणून मी जी प्रशिक्षणे घेतली, त्यांत राज्यस्तरावर तयार झालेला घटकसंच जिल्हा, तालुका आणि केंद्र अशा पायऱ्या उतरत आमच्यापर्यंत येई आणि प्रत्येक पायरीवर पाहुणे वाढल्यावर आमटीत पाणी वाढवावे तसा पातळ होत जाई. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. पण ते तास उपस्थितीपत्रकावर भरतात की वर्गात उतरतात, हे पाहायला नंतर कोणी येत नाही. मी त्याच साखळीतली आणखी एक कडी होणार असेन, तर माझा वर्ग सोडण्यात अर्थ नाही.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे. एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळा स्वतः कधीच न चालवलेल्या माणसाने त्या चालवणाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे का, आणि द्यायचे तर आधी काय करावे? सरकारी व्यवस्थेत, म्हणजे डायट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था), तालुक्याचे गट साधन केंद्र किंवा केंद्रप्रमुखपद यांत, माझ्यासारख्या खासगी शाळेतल्या शिक्षिकेला कोणते दार खरोखर उघडे आहे? एम.एड. करावे की शिक्षणशास्त्रात एम.ए.? आणि राजीनामा न देता हे काम दोन वर्षे करून पाहण्याची काही वाट आहे का?

पहिला प्रतिसाद

ताई, मी मुरबाड तालुक्यातून केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. आधी सरकारी दारांचे सांगतो, कारण ते लवकर संपेल. केंद्रप्रमुखपद पदोन्नतीने किंवा विभागीय परीक्षेने भरले जाते आणि दोन्ही वाटा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी आहेत. तुम्हाला ती लागू नाही. ठाणे जिल्ह्याची डायट बदलापूरजवळ राहटोलीला आहे. तिथल्या अधिव्याख्यात्याची पदे शिक्षण सेवेतली असल्यामुळे लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीची वाट पाहावी लागते. गट साधन केंद्रातले विषय साधनव्यक्ती समग्र शिक्षा योजनेत कंत्राटी असतात. ते लोक राबतात खूप, पण त्यांचा निम्मा दिवस माहिती गोळा करून ऑनलाइन भरण्यात जातो.

आता त्या गुरुजींच्या प्रश्नाकडे येतो. तो टोमणा नव्हता. तीस वर्षांत मी असंख्य सुलभक, म्हणजे प्रशिक्षणात सत्र घेणारे, पाहिले आणि त्यांतल्या बहुतेकांना हा प्रश्न कोणी विचारलाही नाही, कारण लोक जेवणाच्या सुट्टीची वाट पाहत असतात. तुम्हाला विचारला, याचा अर्थ तुमच्याकडून त्यांना काही मिळेल असे वाटले.

बहुवर्ग शाळेत इयत्तेप्रमाणे शिकवू गेलात तर दिवस पुरत नाही. कोणाला किती येते ते पाहून गट पाडावे लागतात. चौथीतले मूल दुसरीतल्या मुलांबरोबर दशक समजून घेत असेल तर त्यात कमीपणा नाही, पण हे पालकांना आणि कधी कधी साहेबांनाही समजावून सांगावे लागते. एक गट शिक्षकासमोर, दुसरा सरावाला, तिसरा एखाद्या मोठ्या मुलाच्या हाताखाली, अशी पाळी लावायची. खरी मेख सरावाच्या गटात असते. त्याला दिलेले काम शिक्षकाला न विचारता पुरे करता येईल आणि बरोबर आले की नाही हे मुलांना स्वतः तपासता येईल, असे असले पाहिजे. तुमच्या संख्याकार्डांच्या मागे उत्तर लिहिले असते, तर ती त्याच क्षणी बहुवर्ग शाळेची झाली असती.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे कोसबाडला नेले. तो सगळा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर जिल्हा वेगळा झाला २०१४ साली. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या पाड्यावर गेल्या, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. इतरांना शिकवण्याचा अधिकार त्यांना त्या कुरणातून मिळाला. तुम्हीही त्या गुरुजींच्या शाळेत, गटशिक्षणाधिकाऱ्यांची रीतसर परवानगी काढून, चारही इयत्ता सांभाळून पाहा. करार नंतर.

दुसरा प्रतिसाद

मी कळव्याला राहतो आणि आठ वर्षे एका संस्थेत हेच काम करतो आहे. वरच्या प्रतिसादाशी सहमत असूनही एक भर घालतो. प्रशिक्षकाचे काम दोन दिवसांच्या सत्रात फार थोडे असते. ते असते नंतरच्या शाळाभेटीत. शिक्षकाच्या वर्गात मागे बसायचे, त्यांना नको असेल तर न बसता त्यांच्याऐवजी शिकवायचे, मधल्या सुट्टीत चहा घेत एकाच गोष्टीवर बोलायचे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जायचे. म्हणून संस्थेला पहिला प्रश्न विचारा, की एका प्रशिक्षकाकडे किती शाळा आहेत. आकडा असा असेल की एका शाळेत तीन महिन्यांत एकदाच पाय लागेल, तर तुम्ही ज्या आमटीविषयी लिहिले आहे तीच तुम्हाला वाढावी लागेल.

दुसरा प्रश्न पैशाचा. ही कामे बहुतेक करून कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीवर चालतात आणि निधीची मुदत संपली की प्रकल्प गुंडाळला जातो. कराराची दोन वर्षे आणि निधीची दोन वर्षे एकच आहेत का, भविष्य निर्वाह निधी कापतात का, प्रवासखर्च वेगळा मिळतो का, हे लेखी घ्या. दुचाकी चालवता येत नसेल तर आजच शिकायला लागा. मुरबाडला रेल्वे नाही आणि आतल्या गावांच्या एस.टी.च्या वेळा शाळेच्या वेळांशी जुळत नाहीत.

पदवीविषयी: एम.एड. २०१५ साली दोन वर्षांचे झाले आणि अध्यापक विद्यालयात शिकवायचे असेल तर ते उपयोगी पडते. मात्र २०१२नंतर शिक्षकभरती अनेक वर्षे ठप्प राहिल्यामुळे त्या विद्यालयांकडचा ओढा आटला आणि कित्येक बंद पडली, तेव्हा फक्त त्या आशेने एम.एड. करू नका. संस्थांमध्ये एम.ए. चालते; त्याहून जास्त चालतो वर्गातला अनुभव, आणि तो तुमच्याकडे अकरा वर्षांचा आहे. दरम्यान मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तुम्हाला खाडी ओलांडली की जवळच आहे, आणि वाडा तालुक्यात सोनाळ्याला क्वेस्ट ही संस्था भाषाशिक्षणावर मुळापासून काम करते. त्यांचे साहित्य पाहा, जमल्यास काम प्रत्यक्ष पाहून या.

तिसरा प्रतिसाद

मी एका अनुदानित शाळेत मुख्याध्यापिका आहे, म्हणून फक्त रजेबद्दल लिहिते. राजीनामा देऊ नका. खासगी शाळांच्या १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे असाधारण रजेसाठी आधी व्यवस्थापनाकडे लेखी अर्ज करा आणि मंजुरी लेखीच घ्या. तोंडी "जा तुम्ही, आम्ही बघतो" यावर कदापि जाऊ नका. रजा विनावेतन असल्यामुळे वेतनवाढ आणि निवृत्तिवेतनासाठी तो काळ कसा धरला जाईल, हे वेतन पथकाकडून (अनुदानित शाळांचे पगार काढणारे सरकारी कार्यालय) स्पष्ट करून घ्या. आणखी एक, रजेवर असताना दुसरीकडे मानधन घेण्याला स्वतंत्र परवानगी लागते. ही अट पुष्कळ जण विसरतात आणि परत आल्यावर अडकतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद, सहा आठवड्यांनंतर

सर्वांचे आभार. उत्तराला उशीर झाला, कारण पहिल्या प्रतिसादात निवृत्त केंद्रप्रमुख साहेबांनी सांगितलेले आधी करून पाहायचे ठरवले होते. परवानगी मिळाली आणि चार शनिवार मी त्याच गुरुजींच्या शाळेत गेले. पहिल्या शनिवारी त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि ते पोषण आहाराच्या नोंदी करायला बसले. मी मधल्या सुट्टीपर्यंत कशीबशी टिकले. सरावाचा गट दहा मिनिटांत काम संपवून माझ्याभोवती गोळा झाला आणि पहिलीतली दोन मुले चक्क घरी निघून गेली. गुरुजींनी त्यांना हाका मारून परत आणले, मला मात्र एका शब्दाने बोलले नाहीत.

चौथ्या शनिवारी तीन गट सुट्टी होईपर्यंत चालले. कार्डांच्या मागे उत्तरे लिहिली होती. तिसरीतल्या एका मुलीने आधी उत्तर पाहून मग गणित केल्याचे सोंग आणले. तिच्यासाठी वेगळे काही शोधावे लागेल. गुरुजी माझ्याबरोबर पुढच्या शिक्षण परिषदेत सत्र घ्यायला तयार झाले आहेत, या अटीवर, की बोलायचे मी आणि मध्येच प्रश्न विचारायचे त्यांनी.

संस्थेला विचारले तेव्हा एका प्रशिक्षकाकडे चाळीस शाळा असल्याचे कळले. मी वीस मागितल्या आहेत. उत्तर आलेले नाही. रजेचा अर्ज व्यवस्थापनाकडे दिला आहे.

आता एकच गोष्ट विचारायची राहिली आहे. वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलांना निघताना शिक्षण हमी पत्रक दिले जाते, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेने त्यांना सामावून घ्यावे. या शाळेतली पाच मुले भिवंडीकडे गेली आहेत आणि ती तिथल्या शाळेत बसतात की नाही हे गुरुजींना माहीत नाही. भिवंडी तालुक्यात शिकवणारे कोणी हे वाचत असेल, तर अशी मुले आल्यावर ती नेमकी कुठपर्यंत शिकली आहेत हे तुम्हाला कसे कळते, आणि आम्ही पत्रकासोबत काय लिहून पाठवले तर तुम्हाला उपयोग होईल?