लिबरऑफिस लिनक्सशी किती एकजीव असावे?

कळफलक :
लिनक्स या संगणक प्रणालीवर फाइल व्यवस्थापक, चित्रदर्शक, मजकूर संपादक ही मंडळी एका घरातली वाटतात. दस्तऐवज आणि हिशेबाचे तक्ते बनवण्याचा लिबरऑफिस हा प्रोग्रॅम मात्र भाडेकरूसारखा राहतो. प्रिंटचा आदेश दिला की डेस्कटॉपची नेहमीची खिडकी येत नाही, ऑफिसची स्वतःची येते. मूळ कारण जुने आहे. सन कंपनीने १९९९ मध्ये स्टारऑफिस हा ऑफिस प्रोग्रॅम विकत घेतला, २००० मध्ये त्याचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, खुला केला आणि त्याच वंशातून २०१० मध्ये लिबरऑफिस वेगळे निघाले. एकच प्रोग्रॅम अनेक प्रणालींवर चालावा म्हणून बटणे आणि खिडक्या हाताळणारा व्हीसीएल नावाचा मधला थर त्याला वारशातच मिळाला. लिनक्सपुरता तरी हा थर काढून ऑफिस थेट डेस्कटॉपच्या साधनांवर उभे करावे, असे माझे मत आहे.

समासरेषा :
‘लिनक्सपुरता’ म्हणजे नेमका कोणता डेस्कटॉप? लिनक्सवर डेस्कटॉप अनेक आहेत: ग्नोम हा खिडक्या-बटणे बनवण्याच्या जीटीके या साधनसंचावर चालतो, केडीई क्यूटी या दुसऱ्या संचावर. व्हीसीएलला दोन्हींसाठी वेगळे प्लगइन, म्हणजे जोडभाग, आहेत, म्हणून तर फाइल उघडण्याची आणि सेव्ह करण्याची खिडकी ज्या-त्या डेस्कटॉपचीच येते. थर काढला तर एकाला घरात घेऊन दुसऱ्याला ओसरीवर बसवावे लागेल. प्रिंटची खिडकी वेगळी आहे, कारण पुस्तिका छापणे, टिपांसह छापणे हे पर्याय तिच्यात हवेत.

खिडकीच्या रूपाने फारसे कोणाचे अडत नाही, फाँटने अडते. कॅलिब्रीत लिहिलेला अहवाल आला आणि संगणकावर कॅलिब्री नसला, तर अक्षरांच्या रुंदीत जरा फरक पडला तरी ओळी सरकतात, तक्ता पुढच्या पानावर जातो आणि अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक खोटे ठरतात. कार्लिटो हा फाँट त्याच मापांचा बनवलेला आहे. तो आधीपासून बसवलेला असणे, याला मी एकजीव होणे म्हणतो.

कळफलक :
फाँटचा मुद्दा मान्य आहे. पण ते काम लिनक्सचे वितरण, म्हणजे प्रोग्रॅमसह तयार संच, बनवणाऱ्यांचे झाले, ऑफिसची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. जीटीके-क्यूटीबाबत मात्र मी घाईने लिहिले, हे कबूल करतो.

उपखिडकी :
तुम्ही दोघेही दिसण्या-छापण्यावर अडला आहात. फ्लॅटपॅकसारख्या प्रोग्रॅम बसवण्याच्या व्यवस्थेत प्रोग्रॅमला सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी संगणकापासून तोडलेल्या जागेत, कोंडता येते, आणि मग तो ‘पोर्टल’ नावाच्या मध्यस्थामार्फत तुम्ही निवडाल तेवढीच फाइल पाहू शकतो. चित्रदर्शकाला हे पुरते. पण एका ताळेबंदातली सूत्रे शेजारच्या दुसऱ्या फाइलमधून आकडे ओढत असतील, तर ती दुसरी फाइल कोणी निवडलेलीच नसते. कडक बंदोबस्तात ऑफिसच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नाही. म्हणूनच लिबरऑफिसच्या फ्लॅटपॅकला फाइलींपर्यंत बराच मोकळा प्रवेश दिलेला आहे, आणि तेवढ्या प्रमाणात कोंडण्याचा हेतूच बाजूला पडतो.

समासरेषा :
मग मोकळा प्रवेश राहू द्यावा. ताळेबंदाचे आकडे गुपचूप जुने राहण्यापेक्षा ते बरे.

कळफलक :
येथे माझा विरोध आहे. अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल ज्या प्रोग्रॅममध्ये सर्वाधिक वेळा उघडली जाते, त्यालाच घराच्या सगळ्या किल्ल्या का द्याव्यात? जोडलेली फाइल सापडली नाही, तर ऑफिसने तिचे नाव सांगून पोर्टलमार्फत परवानगी मागावी आणि दिलेली परवानगी लक्षात ठेवावी. प्रिंटच्या खिडकीचा हट्ट मी त्या बदल्यात सोडायला तयार आहे.