मालिकांनी ली होंग-गीमधला रॉक गायक झाकोळला का?

सप्तक_रात्र: एफटी आयलंड या कोरियन बँडचा गायक ली होंग-गी मला मनापासून आवडतो, म्हणूनच हे लिहितोय. २००७ मध्ये बँडचं 'लव्हसिक' हे गाणं आलं तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा होता. तो खरखरीत, वर चढतानाही न घाबरणारा आवाज त्या वयात कुठून येतो! पुढे २००९ मध्ये एसबीएस या कोरियन वाहिनीवर 'यू आर ब्युटिफुल' ही मालिका आली. त्यातल्या काल्पनिक बँडमध्ये त्याला जेरेमी नावाचं पात्र दिलं आणि ड्रमवर बसवलं. एवढा गळा असलेल्या माणसाला! तेव्हापासून कोरियाबाहेर अनेकांसाठी तो जेरेमीच. नंतर २०१३ मध्ये 'द एअर्स' या मालिकेसाठी गाणं, २०१४ मध्ये 'ब्राइड ऑफ द सेंच्युरी', त्याच वर्षी 'मॉडर्न फार्मर'. त्यात तर तो रॉक गायकच आहे, पण गोष्ट कोबीच्या शेतीची. बँडला हवी होती ती वर्षं मालिकांनी खाल्ली, असं माझं ठाम मत आहे.

मासुरीप्रेमी: अजिबात सहमत नाही. तो आधी नट आहे, मग गायक. २००२ मध्ये केबीएस वाहिनीच्या 'मॅजिक किड मासुरी' या मुलांच्या मालिकेत तो होता, म्हणजे बँडच्या पाच वर्षं आधी. अभिनय त्याला कुणी मागून चिकटवलेला नाही. आणि कोरियन टीव्हीवर बँडची अवस्था काय असते ते बघा. साप्ताहिक संगीत कार्यक्रमांत बहुतेक वेळा वाद्यं फक्त हातात, सूर आधी ध्वनिमुद्रित केलेले. गिटारवाला खरंच वाजवतोय की नाही हे प्रेक्षकाला कळणार कसं? तिथे बँडचा चेहरा घरोघरी पोचायला मालिका हाच रस्ता होता. 'यू आर ब्युटिफुल'मधला दुसरा गायक-नट जंग योंग-ह्वा आठवा. मालिका आधी, आणि त्याच्या सीएनब्लू या बँडचं कोरियातलं पदार्पण जानेवारी २०१० मध्ये.

सप्तक_रात्र: चेहरा पोचला, मान्य. पण संगीत पोचलं का? मालिकेतून आलेला श्रोता हळवी गाणीच मागतो, आणि कंपनीही तीच पुरवते.

उंचसूर: मग 'प्रे' हे गाणं ऐकलंच नाहीत तुम्ही. ते ज्यात आहे तो मार्च २०१५ चा बँडचा 'आय विल' अल्बम, गाणी सदस्यांनीच लिहिलेली. गिटार अंगावर येतात आणि होंग-गी अक्षरशः ओरडून गातो. मालिकांत वाया गेलेला माणूस असं गाऊ शकत नाही. शिवाय जपान विसरू नका. तिथे बँडचा 'फाइव्ह ट्रेजर आयलंड' हा अल्बम २०११ मध्ये ओरिकॉन या विक्रीच्या क्रमवारीच्या साप्ताहिक यादीत पहिला आला. तिथले लोक बँड ऐकायला मैफलीला जायचे.

सप्तक_रात्र: 'प्रे' मला पाठ आहे! पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचा एकट्याचा 'एफएम३०२' हा अल्बम आला, आणि त्याचं मुख्य गाणं पुन्हा बॅलड, म्हणजे संथ, हळवं गाणं. वादळ उठवून आठ महिन्यांत परत किनाऱ्यावर.

मासुरीप्रेमी: बॅलड म्हणजे माघार, हे कुणी ठरवलं? 'लव्हसिक' हेही बॅलडच होतं, आणि तुम्ही सुरुवात त्याच्याच कौतुकाने केलीत. त्याच्या आवाजातला सगळ्यात सच्चा भाग तिथेच आहे. ओळ संपताना जो दाटून येतो तो गळा अभिनय करणाऱ्या माणसाचा आहे, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

सप्तक_रात्र: गळ्याबद्दल वाद नाहीच. पण 'आय विल'सारखे अल्बम त्याला विशीच्या सुरुवातीलाच करायला मिळायला हवे होते. ती वर्षं मालिकांत गेली, आणि त्यावरचा माझा राग कायम आहे.