दिग्दर्शक सॅम रायमीचा भयपट 'द इव्हिल डेड': पळता कॅमेरा आणि खोटं रक्त कसं केलं?

प्रश्न: जंगलातून अदृश्य शक्ती धावत येते, तो शॉट तेव्हा कसा घेतला? फोनवर जमेल का? आणि रक्त कशाचं होतं?

उत्तर १: लांब लाकडी फळीच्या मधोमध कॅमेरा घट्ट बसवायचा, दोन टोकं दोघांनी धरायची आणि पळायचं. कॅमेरा मधोमध असल्याने एकाचा हात वरखाली झाला तरी मधे हिसका निम्माच पोचतो. वाइड लेन्स (जास्त रुंद दृश्य टिपणारी) हवीच, ती जमिनीलगत ठेवली की पाचोळा अंगावर आल्यासारखा वाटतो. फोनवर ०.५ची लेन्स वापरा. दोघांची पावलं जुळली नाहीत की चित्र तिरकं होतं, म्हणून आधी रिकाम्या फळीने पळून बघा.

उत्तर २: रक्त म्हणजे कॉर्न सिरप (मक्याचा घट्ट पाक), खायचा लाल रंग आणि कॉफीत घालायचं दुधाविना क्रीमर. नुसतं सिरप काचेसारखं पारदर्शक दिसतं, क्रीमरने ते अपारदर्शक होतं. पण वाळलं की कडक होतं! नायक ब्रूस कॅम्पबेलचा शर्ट शेकोटीपाशी वाळवल्यावर घालताना चक्क तुटला. एकसारखे दोन-तीन शर्ट ठेवाच.

उत्तर ३: पैसे कसे उभे केले तेही बघा. १९७८ मध्ये रायमीने 'विदिन द वुड्स' हा लघुपट सुपर ८ या छोट्या, हौशी फिल्मवर केला आणि तो दाखवून गुंतवणूकदार मिळवले. मग अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 'द इव्हिल डेड'चं १६ मिमी फिल्मवर चित्रीकरण, थिएटरसाठी ३५ मिमीवर मोठं केलं. नवशिक्यांनी आधी लघुपटच करावा.