टेबलावर बसून सही केलेलं परमिट बंद व्हायला पाहिजे: तुमचं मत काय?

चिकोडी_मेंटेनन्स (धागा सुरू करणारे)

ऑफ सीझनची, म्हणजे गाळप बंद असतानाच्या दुरुस्तीची कामं जोरात आहेत. चिकोडी, अथणी, निपाणी, संकेश्वर आणि पलीकडे कागल-गडहिंग्लज, सगळे साखर कारखाने एकाच वेळी उघडून ठेवलेले असतात आणि वेल्डर-फिटरच्या त्याच टोळ्या इकडून तिकडे फिरत असतात. अशा गर्दीत टाकीत उतरायचं किंवा वेल्डिंगचं परमिट, म्हणजे धोक्याच्या कामाची लेखी परवानगी, सकाळी ऑफिसातून गठ्ठ्यानं सह्या होऊन बाहेर पडतं. सही करणाऱ्यानं टाकी बघितलेली नसते, उतरणाऱ्यानं कागद बघितलेला नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. सही टाकीच्या तोंडाशी व्हावी, टाकीतल्या हवेतला वायू मोजणारा गॅस मीटर हातात असताना आणि उतरणारा माणूस समोर असताना. तसं होत नसेल तर काम सुरूच करू नये. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३६ नं हेच सांगितलं होतं: सक्षम व्यक्तीनं स्वतः तपासणी करून लेखी दाखला द्यावा, नाहीतर आत जाणाऱ्याला श्वसनाचं साधन आणि दोर बांधलेला पट्टा द्यावा, दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात.

निपाणी_ठेकेदार

माझा विरोध आहे. तुम्ही पगारी माणसं. माझी टोळी सकाळी आठला गेटवर उभी असते, साहेब मीटिंगमध्ये असतात, सही व्हायला अकरा वाजतात. काम लमसम घेतलेलं, त्या तीन तासांची मजुरी कोण देणार? तिकडे बॉयलर अग्निप्रदीपनाची तारीख ठरलेली, पत्रिका छापून झालेल्या. उशीर झाला की दंड मला.

दुसरं म्हणजे, शेडमधले नटबोल्ट आवळायला तोच चार पानी फॉर्म आणि मळीच्या टाकीत उतरायलाही तोच. दिवसाला चाळीस परमिट काढली की माणसं वाचायचं सोडून देतात. आधी परमिटं कमी करा. आणि काही झालं की पहिल्यांदा शोधला जातो तो ठेकेदाराच्या सहीचा कागद, हेही सगळ्यांना माहीत आहे.

डिस्टिलरी_शिफ्ट

टाकीच्या बाबतीत मी चिकोडीकरांच्या बाजूनं. मळी काढली, झाकण उघडलं, म्हणजे टाकी मोकळी झाली असं समजतात. तळाला राहिलेला गाळ आंबतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेपेक्षा जड, खालीच बसून राहतो. स्पेंट वॉशच्या (डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या) डायजेस्टरमध्ये, म्हणजे ते कुजवायच्या बंद टाकीत, तर मिथेन वर जातो, हायड्रोजन सल्फाइड खाली राहतो. म्हणून मीटर वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी सोडावा लागतो. आधी ऑक्सिजन बघायचा. १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर तिथंच थांबायचं, कारण ऑक्सिजन कमी असला की बऱ्याच मीटरवर ज्वलनशील वायूचा आकडाही खोटा, कमी दिसतो.

हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण साधारण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं. "वास गेला, आता उतरा" असं म्हणणारा मुकादम त्या माणसाला मरणाच्या दारात ढकलतोय. शिवाय सकाळी आठचा आकडा दहाला खरा राहील असं नाही. फावड्यानं गाळ हलवला की अडकलेला वायू सुटतो, म्हणून मीटर उतरणाऱ्याच्या अंगावर चालू पाहिजे.

बाहेर थांबलेल्या माणसाला एकच गोष्ट शंभरदा सांगा: आतला पडला तरी तू उतरायचं नाहीस. दोर ओढायचा, आरडाओरड करायची. एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, अशीच माणसं जातात.

निपाणी_ठेकेदार

टाकीबद्दल मी वाद घालतच नाही. पण उघड्यावरच्या वेल्डिंगला परमिट कशाला पाहिजे, साहेब?

डिस्टिलरी_शिफ्ट

बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) कन्व्हेअरजवळचं वेल्डिंग उघड्यावरचंच असतं की ओ. ठिणगी भुश्यात धुमसत राहते आणि टोळी जेवायला गेल्यावर पेट घेते. तिथं काम संपल्यावरही पाण्याची पाइप घेऊन माणूस थांबायला पाहिजे.

उद्यमबाग_फाउंड्री

आमच्यासारख्यांचाही विचार करा. वीस-पंचवीस माणसांची फाउंड्री (ओतकामाचा कारखाना), सेफ्टी ऑफिसर ठेवायची ऐपत नाही. परमिट देणारा मीच आणि भट्टीवर चढणाराही कधीकधी मीच. क्युपोलाच्या, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीच्या, माल टाकायच्या चार्जिंग प्लॅटफॉर्मवर कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वासच नाही, हे मला कळतं. पण मोठ्या कंपनीचे फॉर्म आमच्यावर लादून उपयोग नाही. शेजारच्या चार-पाच युनिटनी मिळून एक चांगला मीटर घ्यावा आणि एकानं दुसऱ्याकडचं काम बघून सही द्यावी, हे जमण्यासारखं आहे.

खानापूर_फिटर

सही कुठं होते यापेक्षा मला वेगळं पाहिजे. फॉर्म इंग्रजीत. आमच्या टोळीत मराठी, कन्नड आणि बिहारची पोरं. कशावर सही केली ते कुणालाच ठाऊक नसतं. पण वाचता आलं तरी काय? "मी उतरत नाही" म्हटलं की दुसऱ्या दिवशी गेटपास बंद. नाही म्हणणाऱ्याची मजुरी त्या दिवशी चालू राहिली पाहिजे. तेवढं झालं तरच ती सही माझी.

चिकोडी_मेंटेनन्स

फिटरभाऊंचं म्हणणं माझ्या मागणीपेक्षाही आधी यायला पाहिजे, हे मान्य.

ठेकेदारसाहेब, परमिटं कमी करायलाही माझी हरकत नाही. बंदिस्त जागा, आग, उंची, वीज आणि चालू लाइन उघडणं, एवढ्यांनाच ठेवा. पण पाळी बदलताना कागद बंद केला पाहिजे किंवा हातोहात दिला पाहिजे, यात सूट नाही. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर दुरुस्तीसाठी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता. त्याचं परमिट होतं, पण रात्रपाळीला ते कळलं नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा चालू केला. १६७ माणसं गेली. कागद होता, सह्याही होत्या.

आपल्याकडे हीच गोष्ट स्टीम लाइनवर होऊ शकते. नुसता व्हॉल्व्ह बंद करून "आयसोलेट केलंय", म्हणजे लाइन तोडून वेगळी केलीय, असं लिहितात. व्हॉल्व्ह गळतो, कुणी चुकून फिरवतो. फ्लँजमध्ये (पाइपच्या जोडात) ब्लाइंड, म्हणजे वाट बंद करणारी पत्र्याची चकती, मारा, कुलूप लावा, आणि चावी आत काम करणाऱ्याच्या खिशात राहू दे.

निपाणी_ठेकेदार

ब्लाइंड मारायला अर्धा दिवस जातो, पण ते मला पटतं. फिटरची अटही पटते, माझ्याकडे नाही म्हणणाऱ्याला मी काढणार नाही. मात्र हे सगळं ठेकेदाराच्या नफ्यातून होणार नाही. निविदेतच "परमिटसाठी थांबलेले तास" अशी वेगळी ओळ आणि तिचा दर पाहिजे. ती आली तर टाकीच्या तोंडाशी सहीची वाट बघत मी टोळी दिवसभर बसवायला तयार आहे. नाही आली, तर माझा विरोध कायम.