इंदूर–मनमाड रेल्वेमुळे इंदूर आणि पुणे यांच्यातले संयुक्त संशोधन वाढेल का?

राऊकर: इंदूरजवळच्या पिथमपुरात आमचे वाहनांच्या सुट्या भागांचे छोटे युनिट आहे आणि एका नव्या ब्रॅकेटचे काम पुण्यातील डिझायनरांबरोबर चालू आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या इंदूर–मनमाड मार्गाला मंजुरी दिली. १८,०३६ कोटींचा खर्च मालवाहतुकीच्या हिशेबात बसेलही; पण ड्रॉइंग ईमेलने जाते आणि बैठक व्हिडिओवर होते, तर माणसे लवकर पोहोचल्याने नवे काही घडते का?

जुनी इंदूरवाला: घडते. आमच्या एका जोडणीतून खडखड येत होती, पण व्हिडिओ कॉलवर ती पुण्याला ऐकूच जाईना, कारण ॲप तो आवाज गोंगाट समजून गाळत होते. शेवटी तिकडचे अभियंते आले, चालू यंत्रावर तळवा ठेवला आणि वॉशर पातळ असल्याचे वीस मिनिटांत सांगून मोकळे झाले. या वीस मिनिटांसाठी त्यांच्या दोन रात्री बसमध्ये गेल्या. मनमाडकडे सरळ रूळ नसल्याने पुण्याची गाडी अजून रतलाम, बडोदा, सुरत असा वळसा घेते, त्यामुळे अडचण हाताबाहेर गेल्याशिवाय कोणी निघत नाही. प्रवास सोपा झाला तर माणूस किरकोळ शंकेसाठीही येईल, आणि माझ्या अनुभवात नव्या कल्पना अशा शंकांतूनच निघतात.

खंडवा रोड: अनुभव पटतो, तरी एक भर घालतो. अग्रवाल, गॅलासो आणि ओएटल या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी अमेरिकेतील महामार्ग आणि पेटंट यांचा संबंध तपासला. त्यांच्या अंदाजानुसार प्रदेशातील महामार्ग १० टक्क्यांनी वाढले, तर पाच वर्षांत तेथील पेटंटे सुमारे १.७ टक्क्यांनी वाढतात, आणि याचे एक कारण म्हणजे त्याच प्रदेशात लांब राहणाऱ्यांचे ज्ञान संशोधकांच्या हाती येते. म्हणजे प्रश्न केवळ पुण्याचा नाही. इंदूरजवळ सिमरोळला आयआयटी आहे, पिथमपुरात ११.३ किलोमीटरच्या ट्रॅकचे नॅट्रॅक्स हे वाहनचाचणी केंद्र आहे. मनमाडकडे डोळे लावून बसलेल्या आपल्यापैकी किती जणांनी ती फाटके ओलांडली आहेत? (मीही एकदाच, तेही भाच्याला सोडायला.)

राऊकर: बाण वर्मी लागला. ब्रॅकेटचा नमुना घेऊन या आठवड्यात सिमरोळला जातो. फाटकावर कोणत्या विभागाचे नाव सांगायचे, तेवढे कळवावे.